पाचव्या चाकाची हवा

मी स्टेपनी बोलतेय. माझ्यात हवा आहे का, या एका काळजीनं मला पाच वर्षं धड झोप नाही.

गाडी आली तेव्हा जुईली दोन महिन्यांची होती. माझ्या चौघी बहिणी रस्त्याला लागल्या, मी डिकीत खाली, गालिच्याखाली. माझ्यावर आधी डायपरची पाकिटं आली, मग तीनचाकी, मग जुनी छत्री. पंपावर हवा भरणारा विचारायचा, "स्टेपनी?" जुईलीचा बाबा, स्वानंद, म्हणायचा, "राहू दे, नवीच आहे ती." वापरलेली नाही म्हणून नवी. मला मात्र शंका यायची, की मी नुसतीच गोल आहे.

माझी चौकशी करायची ती एकटी जान्हवी, जुईलीची आई.

परवा रविवारी तिघं भूगावात भाजी घ्यायला निघाले, आणि स्वानंदनं गाडी थेट पौडकडे घेतली. "चल, घनगड बघून येऊ."

"या चपलांवर? आणि स्टेपनीत हवा आहे ना?"

"तू काळज्या शोधून काढतेस गं."

निवे गाव सोडलं आणि पुढचं डावं चाक बसलं. फोनला रेंज नाही. डिकी रिकामी झाली, गालिचा उचलला, आणि एवढा उजेड अंगावर आला की मी बावरलेच.

गवताचा भारा घेऊन चाललेल्या एक बाई थांबल्या. नाव रत्नाबाई, ते नंतर कळलं.

"हवा हाय का तिच्यात?"

"असेल," स्वानंद म्हणाला.

"असंल म्हंजी? बगितली न्हाई व्हय?" भारा खाली टाकून त्यांनी मला टाचेनं दाबलं. तेवढा वेळ मी श्वास धरून होते. "हाय. कमी हाय, पर हाय. हळू जावा."

नट काही हलेना. शेवटी जान्हवी स्वानंदच्या खांद्याला धरून पान्यावर उभी राहिली. कर्रकन आवाज आला आणि नट सुटला. रत्नाबाई म्हणाल्या, "जेवत जा की वो, सायेब."

मग मी रस्त्यावर. खडी, शेण, ऊन, सगळं पहिल्यांदाच. प्रत्येक खड्ड्याला वाटे, आता गेले. जान्हवी खिडकीतून वाकून सारखी माझ्याकडे बघत होती. आम्ही दोघींनी मिळून ती गाडी गडाखालच्या एकोल्यापर्यंत नेली म्हणा ना.

गड समोर उभा होता. जान्हवी उतरली ती आधी माझ्यापाशी बसली, तळवा ठेवला. "टिकलीस गं बाई."

मी अजून पुढच्या डाव्या बाजूलाच आहे. तुमच्याही डिकीत माझी कुणीतरी बहीण असेल. पंपावर त्यानं विचारलं, तर 'राहू दे' म्हणू नका. दोन मिनिटांचं काम असतं.

त्या दिवशी जान्हवीनं हात झटकले, गडाकडे बघून मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "चला, आता कसलीच काळजी नाही."

जुईली डिकीत डोकावून तिथं ठेवलेलं, हवा गेलेलं चाक बघत होती.

"आई, मग आता स्टेपनी कोण?"