अब्दियासच्या फाटकावरची पाटी

मी एक पाटी आहे. 'घर भाड्याने देणे आहे' एवढे चार शब्द माझ्या अंगावर, आणि खाली अब्दियासचा फोन नंबर. लोक तेवढंच वाचतात आणि पुढे जातात. आज मात्र जरा थांबा, मला बोलायचंय.

मी जन्मले ती कपाटाचं दार म्हणून. आमच्या ब्राझीलमधल्या कारुआरू गावातल्या एका दुकानातून अब्दियासच्या मुलाने, ग्लेदसनने, आपल्या लग्नासाठी ते कपाट हप्त्यांवर उचललं. हप्त्यांच्या कागदावर नाव वडिलांचं दिलं. आमच्याकडे शेजाऱ्याला शिडी द्यावी तसं घरच्यांना नाव वापरायला देतात. नाही म्हटलं तर वर्षभर रुसवेफुगवे! चार हप्ते भरून ग्लेदसन साओ पावलोला निघून गेला आणि अब्दियासचं नाव बुडव्यांच्या यादीत जाऊन बसलं. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस, पण पाच वर्षं त्याला कुणी उधारीवर साधा पंखा दिला नाही.

यंदा मार्चमध्ये पाच वर्षांची मुदत संपली आणि नाव यादीतून आपोआप उतरलं. त्या दिवशी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि समोर तापिओकाचे घावन विकणाऱ्या इरासीबाईंकडून दोन घावन आणून सावकाश खाल्ले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायचं ठरलं. कपाट ओलीने फुगून केव्हाच निकामी झालं होतं. अब्दियासने माझी कड कापली, निळ्या रंगाने अक्षरं काढली आणि मला फाटकावर टांगलं. अक्षरं वाकडी आहेत, पण मनापासून काढलेली आहेत.

पण नाव साफ झालं आणि माणूस बिथरला. जो येईल त्याला पहिला प्रश्न, "नाव साफ आहे?" नसलं तर, "मग जामीन आणा. याच गावात स्वतःचं घर असलेला." नऊ जण आले नि गेले. इरासीबाई तव्यामागून ओरडायच्या, "अहो अब्दियास, भाडेकरू शोधताय की जावई?"

त्याचीही बाजू होती. पुढचं-मागचं मिळून विजेचा मीटर एकच, आणि तो त्याच्या नावावर. मागच्याने बिल थकवलं की नाव पुन्हा यादीत.

मेच्या शेवटी लुसिनेइद आली. शिवणकाम करणारी बाई, गळ्यातली टेप काढायचीही विसरून तशीच आलेली.

"नाव साफ आहे?"

"नाही, काका. बहिणीच्या नवऱ्याला मोटारसायकल हवी होती, नाव माझं दिलं. हप्ते तो भरत नाही, आणि वर माझ्या मशीनचा आवाज त्याच्या डोक्यात जातो म्हणून मलाच घराबाहेर काढतोय. रविवारपर्यंत निघायचंय."

"जामीन?"

"जामीन असता तर उन्हातान्हात दारोदार फिरले असते का? जूनमधल्या साव जुआंवच्या सणाला नाचणाऱ्या पोरींचे चाळीस झगे शिवायचेत. मशीन ठेवायला जागा मिळाली नाही तर हे काम जाईल, आणि पुढच्या वर्षीचंही."

अब्दियास फाटकाची कडी लावायला लागला. मी अशी चिडले! अरे बाबा, तुझं काय झालं होतं? पण पाटीला आवाज कुठला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ग्लेदसनच होता. अब्दियासला कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनवरचं बोलणं सगळ्या गल्लीला कळतं.

"बाबा, नाव साफ झालं म्हणे तुमचं! एक फ्रीज बघून ठेवलाय. या वेळी नक्की भरेन, आईशप्पथ!"

लुसिनेइदने ऐकलंच नाही असं दाखवत मान वळवली, पण तिला हसू आवरत नव्हतं.

"तुमचीही मोटारसायकलच का, काका?" तिने हळूच विचारलं.

"कपाट," तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे बोट केलं. "एवढंच उरलंय त्यातलं."

"माझी निदान धावतेय तरी!"

आणि दोघं जे हसत सुटले, की बघत राहिलेल्या इरासीबाईंचं घावन करपलं. फोनमधून "बाबा? अहो बाबा?" चालूच होतं. अब्दियासने डोळे पुसले.

"नाही रे पोरा," तो म्हणाला. "नाव आता रिकामं नाही. आत्ताच भाड्याने दिलं."

किल्ली देताना त्याने ती एकदा मागेही घेतली, खोटं कशाला सांगू? मलाही धाकधूक होतीच.

आता मी मागच्या खोलीत असते. लुसिनेइदने मला दोन खोक्यांवर आडवं टाकलंय. माझ्यावर कापड बेततात. झगे वेळेवर गेले. जूनचं बिल भलतंच मोठं आलं, आणि ते बघून अब्दियासला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने भरल्याची पावती त्याच्यापुढे ठेवली आणि दटावलं, "आधी ताटावर बसा." दर महिन्याला तो असाच घाबरतो आणि ती अशीच दटावते.

माझं मागणं फार नाही. तुमच्या दारात कुणी घर मागायला आलं तर नाव साफ आहे का, ते जरूर विचारा. नसलं, तर ते कुणासाठी खराब झालं, हेही विचारा. आणि उत्तर ऐकून होईपर्यंत कडी लावू नका.