पहिली टाकी सावकाश

चालत्या ट्रकमध्ये ड्रायव्हरला भोवळ आली आणि ट्रक रस्त्याकडेला कलंडला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची बंदी केली. तेव्हापासून तो थोरल्या भावाच्या घरी खिडकीशी बसून असायचा. रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकायचा, “गियर चुकला गाढवाचा,” असं पुटपुटायचा. कुणी काही विचारलं की वसकन अंगावर यायचा.

एकदा भावानं मोठं खोकं आणून पुढ्यात ठेवलं. आत रिमोटवर धावणारी मोटार होती. इंजिन खरं, इंधनावर चालणारं. पण सगळे भाग सुटे, आपले आपण जोडायचे.

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?” ड्रायव्हर भडकला. खोकं कपाटावर गेलं.

ते खाली काढलं वहिनीनं. ती घरीच कपडे शिवायची. कापडं बेतायच्या टेबलावर तिनं पुड्या फोडल्या आणि हाक मारली, “भावजी, हे दातेरी चाक कुठं बसतं हो? माझ्या डोक्यावरून जातंय सगळं.”

“आधी सुलटं तरी धरा,” म्हणत तो उठला, आणि बसलाच तिथं.

त्याच्या हाताला सवय ट्रकच्या नटांची. पहिलाच स्क्रू त्यानं असा पिळला की प्लॅस्टिकचे आटे गेले. “बटण शिवल्यासारखं, हलक्या हातानं,” वहिनी म्हणाली. पुढचा स्क्रू त्यानं दोन बोटांनी फिरवला. पण लोखंडात बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळा चिकट थेंब लावल्याशिवाय तो तिला पुढं जाऊ देईना. “इंजिनाच्या थरथरीनं सगळं सैल होतं, वहिनी. रस्त्यात चाक निखळलं म्हणजे?”

गाडी तयार झाल्यावर तिघं मागच्या मैदानात गेले. इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून हात भरून आले, पण इंजिन ढिम्म.

“दुकानात परत देऊ,” भाऊ म्हणाला.

ड्रायव्हरनं वाकून वास घेतला. “जास्त प्यायलंय.” प्लग काढून दोरी ओढली, तशी आतलं इंधन फसकन उडालं. प्लग पुसून बसवला, तापवला, दोरीला हिसका दिला, आणि इंजिन तडतडत जागं झालं. निळा धूर निघाला. त्याचे डोळे भरून आले. “धूर फार आहे,” तो म्हणाला.

पण रिमोट हातात घेतल्यावर त्याला दरदरून घाम फुटला. त्यानं रिमोट वहिनीच्या हातात कोंबला.

“अहो, मला सायकल येत नाही!”

“मी सांगतो तसं करा. पहिली टाकी सावकाश. नवं इंजिन आहे, जरा रुळू द्या.”

गाडीबरोबर तो चालत राहिला. “सोडा... वळवा... अहो, ब्रेक!” तोवर गाडी जाऊन भावाच्या नडगीवर आदळली. भाऊ एका पायावर नाचू लागला. ड्रायव्हर आधी थिजला, मग हसत सुटला, पोट धरून मातीतच बसला. हसू ओसरल्यावर त्यानं गाडी मांडीवर घेऊन चाकं तपासली. सगळी जागच्या जागी होती.

“आता तुम्ही,” वहिनी म्हणाली.

“भोवळ आली तर?”

“तर बोट सोडा. गाडी थांबेल. तुम्ही बसलेलेच आहात, पडणार कुठं?”

त्यानं रिमोट घेतला आणि नडगी चोळणाऱ्या भावाला म्हणाला, “दादा, बाजूला हो रे.”

मग बोट हळूच दाबलं.