पानमळ्यातली धुई

थंडी पडली म्हणून माझ्यापुढं कुणी रडायचं न्हाई. मला हसू येतं. थंडी मी बघितलीय. रझाकाराच्या धुमाळीच्या आधी दोन-तीन सालं, दत्तजयंतीच्या सुमाराला, आमच्या नांदेडकडं अशी थंडी पडली की म्हातारेकोतारे म्हणाले, असलं कधी ऐकलंबी न्हाई. आमचा मुलूख उन्हाचा. पांघरूण म्हंजे एक घोंगडी अन् दोन वाकळा, त्यातच सगळं खटलं. बाभळीखाली सकाळी पाखरं मरून पडलेली दिसायची. घागरीतल्या पाण्यावर साय धरावी तसं काहीतरी कडक धरायचं, अन् माझी लेकरं ते काढून चघळायची. निजाम सरकारचा हवालदार सुदिक शेरवानीवर घोंगडी घेऊन फिरायचा. त्याला बघून आम्ही जावाजावा पदराआड हसलो, अन् मग घरी येऊन चुलीपुढनं हललो न्हाई.

आमचा पानमळा होता, नागवेलीचा. गावात आमच्या घराला मान होता तो त्या मळ्यामुळं. आमची पानं माहूरला जायची, रेणुकामातेला. तिथं पानं कुटून तांबूल करतात, अन् तो देवीच्या मुखी लागतो. असल्या मळ्यात बाईनं पाय ठेवायचा न्हाई, हा कायदा. विटाळशीनं तर न्हाईच, पण कुठल्याच बाईनं न्हाई. बाई आत गेली की वेल जळते म्हणायचे. आता पान खाणारी देवी बाईच, पण तिला विचारतंय कोण? मी बारा वर्षं मळा कुंपणाबाहेरनंच बघितला. मला त्याचं काही वाटायचं न्हाई. तेवढंच एक काम कमी.

तारामती माझी धाकली जाऊ. अण्णाराव भावजींची बायको. चार वर्षं झाली होती लगीन होऊन, अन् पोटी पोर न्हाई. आमचे सासरे, मामंजी, जेवता जेवता सहज म्हणायचे, "अण्णाला दुसरी करावी लागंल." भाकरी वाढणाऱ्या तारीच्या कानावर पडावं म्हणूनच म्हणायचे. भावजी मान खाली घालून जेवायचे. तारीला पक्कं ठाव होतं, की एक निमित्त मिळायचा उशीर, ह्या घरातनं तिचं बोचकं बाहेर पडणार. म्हणून बिचारी चार माणसांचं काम एकटी करायची. मला ती आवडायची का? हाव, आवडायची. अन् तिचा रागबी यायचा. तिच्या पुढ्यात मी आळशी दिसायची.

त्या साली मामंजी, आमचे मालक अन् भावजी, तिघंबी पानांचे करंडे गाडीत घालून माहूरच्या यात्रेला गेले. मागं मळ्याशेजारच्या आखाड्यावर, शेतातल्या घरात, आम्ही दोघी, माझी दोन लेकरं, अन् राखणीचा गडी नागप्पा. नागप्पाला आदल्या दिवसापासून हुडहुडी भरलेली. तो आपल्या खोपीत गोणपाट पांघरून कण्हत पडला होता.

कोंबडा आरवायच्या वक्ताला तारीनं मला हलवून उठवलं.

"अक्का, उठा. भाईर पांढरं पडून राहिलंय."

मी वाकळीतनं नाक काढलं. "काय पांढरं?"

"दहिवर. गवतावर मीठ पेरल्यागत. माझ्या माहेरी एकदा असंच पडलं होतं, तवा बापाची केळीची बाग गेली. आता काही दिसत न्हाई, पण ऊन पडलं की पान न् पान काळं पडतंय. अक्का, मळा जाईल."

"मग मी काय करू? सूर्याला धरून ठिऊ?"

"धुई करायची. ओला पाला टाकून धूर धरायचा मळ्यावर, उन्हं वर येईस्तोवर. धूर म्हंजे वेलीला पांघरूण. शेजारच्या बागेत मी बघितलंय, ती वाचली."

मी म्हणलं, "बाईनं आत जायचं न्हाई, ठाव हाय न्हवं?"

ती म्हणाली, "मळा गेला तर मामंजी म्हणतील, अपशकुनी घरात हाय म्हणून गेला. मळा वाचला तर निदान दोन साल तरी कुणी काही बोलणार न्हाई. मला हे करायलाच पायजे, अक्का. तुम्ही नुसती साथ द्या."

मग मी उठले. गेले, खोटं कशाला बोलू? मळ्याच्या मधनं पाण्याचा पाट जायचा. पाटाच्या पल्याडचा अर्धा मळा तिनं घेतला, अल्याडचा अर्धा मी. तुराट्या, गोवऱ्या, वर ओलं गवत. तिनं ढीग लावले, पेटवले, अन् घमेल्यात इंगळ घेऊन सरळ वेलींच्या रांगांत शिरली, कारण मधल्या वेलींपर्यंत धूर पोचत नव्हता. अनवाणी. खाली पांढरं, वर धूर, अन् ही बया वाकून वाकून प्रत्येक रांगेत इंगळावर पाला टाकत होती. खोकून खोकून तिचा जीव चालला होता.

मीबी आत गेले. दोन-तीन रांगा गेले. पाय असे बधिर झाले, की कुणी सुरी फिरवली असती तर कळलं नसतं. मी म्हणलं, मरू दे, अन् माघारी आले. आखाड्याच्या अंगाला, जवळ पडतंय म्हणून, चार ढीग पेटवले अन् तिथंच शेकत बसले. माझा धूर मळ्यात जायचा सोडून मागं गव्हाच्या वावरात चालला होता. मला दिसत होतं. मी म्हणलं, जाईल कधीतरी तिकडंबी. लेकरंबी उठून माझ्याजवळ शेकायला आली. लई बरं वाटत होतं.

दिवस कासराभर वर आला अन् तारीचं बोलणं खरं झालं. माझ्या अंगाचा अर्धा मळा बघता बघता काळा पडला, पानं उकडल्यागत लोंबायला लागली. पाटाच्या पल्याड तारीचा अर्धा मळा हिरवागार. तारी पाटावर उभी, तोंड काजळीनं काळं, डोळे लाल, अन् हसून राहिलेली. "अर्धा तरी वाचला, अक्का! अर्धा वाचला!" मला एक शब्द बोलली न्हाई, की तुमचाच का गेला म्हणून. बोलली असती तर बरं झालं असतं. मी भांडले असते, अन् मन मोकळं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी गडीमाणसं माहूरहून आली. गाडीचे बैल सोडायच्या आधीच नागप्पा लटपटत पुढं झाला अन् मामंजींच्या पायाशी बसून रडला. "मालक, मला उठवत नव्हतं. पर खोपीतनं बघितलं म्या. धाकल्या बाई आत होत्या. वेलींत हिंडून राहिल्या होत्या." त्याची खोप तारीच्या अंगाला होती. त्याला तीच दिसली. मी दिसले न्हाई.

मामंजींनी फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. काळी पानं हातात घेऊन चुरगाळली. आरडाओरडा केला न्हाई. त्या माणसाचं तेच भ्या वाटायचं. राग आला की आवाज मऊ व्हायचा.

"आत गेली होतीस, पोरी?"

"गेले होते," तारी म्हणाली. "धुई करायला. मामंजी, तुम्ही स्वतः बघा. मी जिथं हिंडले ती बाजू हिरवी हाय. माझ्या पायानं जळायचं असतं तर ती जळली असती. जळाली ती दुसरी."

हातच्या काकणाला आरसा कशाला? लहान पोराला कळावं इतकं सरळ होतं. आमचे मालकसुदिक मान हलवायला लागले होते. पण मामंजी म्हणाले, "देवी काय तुझ्या पावलात पाऊल टाकून येती व्हय? पाप एकीकडं करायचं अन् फळ दुसरीकडं. असंच असतंय."

भावजी पुढं आले. त्यांना तारी हवी होती. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. म्हणाले, "बाबा, थांबा. वैनी हितंच होत्या. त्यांना इचारा." अन् माहूरहून आणलेला देवीचा तांबूल, पळसाच्या पानातला, त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "वैनी, हे हातात घेऊन सांगा. त्या काळ्या बाजूला कुणी गेलं होतं का? का ती बाजू नुसती थंडीनंच गेली?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तारीबी. तिच्या डोळ्यांत भ्या नव्हतं. तिला वाटलं, आता अक्का सांगणार. मी खरं सांगितलं असतं, की मीबी आत गेले होते, धुई मीच कशीबशी केली, मीच शेकत बसले, तर तारीचा अर्धा मळा तारीच्या पदरात पडला असता अन् काळा अर्धा माझ्या. लई झालं तर मामंजींनी चार शिव्या हासडल्या असत्या. मला दोन पोरं होती, त्यातला एक मुलगा. मला कुणी घराबाहेर काढलं नसतं. हे मला तवाबी कळत होतं. तरीबी मी भ्याले. माझ्या नवऱ्यापुढं, दिरापुढं, गड्यापुढं, आळशी म्हणून उभं राहायचं मला भ्या वाटलं. एवढ्याशा गोष्टीसाठी! थू माझ्या जिंदगानीवर.

मी म्हणलं, "मला काय ठाव? मी लेकरं कुशीत घेऊन आखाड्यात पडले होते. मी नगं नगं म्हणत होते, तिनं ऐकलं न्हाई."

अन् तांबूल तोंडात टाकला. गोड लागला.

भावजींनी पाठ फिरवली ती फिरवलीच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती मी माझ्या हातानं रोवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी जुंपली. बापाच्या गावाला सोडायची, मळा पुन्हा फुटंपर्यंत ठेवायची, मग बघू, असं मामंजी म्हणाले. सगळ्यांना कळत होतं, की मग बघू म्हंजे काय. तिला अंगावर घ्यायला काही दिलं न्हाई. घोंगडी घरची, ती घरात राहिली. मी माझी वाकळ द्यावी म्हणून उचलली, अन् मामंजी ओसरीवर बसलेले बघून परत ठेवली.

गाडीत बसता बसता तारीनं मला जवळ बोलवलं. मला वाटलं, आता शाप देणार. मी तयार होते.

ती म्हणाली, "अक्का, आभाळ कसं निवळ झालंय बघा. उद्या परवा परत दहिवर पडंल, अन् आधीपरीस मोठं. आता धुई करताना वारं येतंय त्या अंगाला करा, उत्तरेला. तुम्ही आखाड्याकडनं केली, म्हणून धूर वावरात गेला. अन् ढीग जवळ जवळ लावा. उरलेला तरी राहू द्या."

म्हंजे तिला सगळं ठाव होतं. तिथं सगळ्यांपुढं बोलली असती तर? पण बोलली न्हाई. का न्हाई बोलली, हे मला आजबी कळलं न्हाई. माझ्यावर दया केली, का माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होती, कोण जाणे.

परवा न्हाई, दुसऱ्याच पहाटे दहिवर पडलं. असं, की आडाच्या काठावर पाय घसरत होता. मी मालकांना उठवलं. म्हणलं, माझा आज्जा थंडीत केळीला धुई करायचा, उत्तरेच्या अंगाला, जवळ जवळ ढीग लावून. माझ्या आज्ज्यानं जन्मात केळ लावली न्हाई. पण मालकांनी ऐकलं, भावजी उठले, नागप्पा उठला, मामंजीसुदिक इंगळ वाहायला लागले. तीन पहाटा तसंच केलं. अल्याडच्या काळ्या वेलींचं काही व्हायचं नव्हतं, पण पल्याडच्या हिरव्या अर्ध्यातलं एक पान गेलं न्हाई. मालक मला म्हणाले, "तुझ्यामुळं राहिला गं." बारा वर्षांत पहिल्यांदा असं बोलले. मी चुलीकडं तोंड करून ऐकून घेतलं.

आठव्या दिवशी तारीचा बाप तिला घेऊन आला. गाडी दाराशी थांबली, ती खाली उतरली न्हाई. बापाच्या अंगावर एकच घोंगडी, अन् तीबी लेकीच्या खांद्यावर. त्यानं मामंजींपुढं फेटा काढून ठेवला. "पोरीची चूक झाली, इवाई. पदरात घ्या. भांडी घासंल, शेण काढंल, मळ्याकडं बघणारबी न्हाई."

मामंजींनी त्याला हाताला धरून कुंपणापाशी नेलं. लई मायेनं नेलं. "हे बघा," म्हणाले. "तुमची पोरगी होती तवा एका थंडीत अर्धा मळा जळाला. ती गेली, त्यापरीस मोठी थंडी तीन डाव पडली, अन् राहिलेल्यातलं एक पान काळं न्हाई. मी म्हणतो म्हणून न्हाई. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?"

बापानं मळ्याकडं बघितलं. तोबी शेतकरीच. तोबी हेच मानणारा. त्यानं हात जोडले अन् फेटा उचलला.

भावजी गोठ्यात जाऊन बसले होते. मी दारात उभी होते, कडेवर पोरगं. दोन शब्दांचं काम होतं. धुई तिनंच शिकवली, एवढं म्हणायचं होतं. त्यानं मळा जळणार नव्हता, मी मरणार नव्हते.

तारीनं गाडीतनं मळ्याकडं बघितलं. उत्तरेच्या अंगाला राखेचे ढीग होते, जवळ जवळ, तिनं सांगितलं होतं तसे. तिनं ते एकेक करून बघितले. मग माझ्याकडं बघितलं. मी पोराचं नाक पुसायला लागले.

"चला दादा," ती बापाला म्हणाली. "बरोबर केलीय धुई. आता मळ्याला भ्या न्हाई."