एका बोटाची सूट

मी डाव्या पायाचा. उजवा माझा भाऊ, त्याचं पुढे सांगेनच. मोजा म्हटलं की तुम्ही नाक मुरडणार, ठाऊक आहे मला. पण बुटात दिवसभर कोंडून घेऊन वास मारणाऱ्यांतला मी नव्हे. मी दाबाचा मोजा. डॉक्टर लिहून देतात तेव्हाच मी कुणाच्या घरी जातो. आणि आधीच सांगून टाकतो, मी घट्ट आहे. लोक मला त्यावरून नावं ठेवतात, पण घट्ट असणं हेच माझं काम. या एका गुणापायी माझ्या अंगात कात्री शिरली आणि एका बाईच्या जिवावरचं संकट पायावर निभावलं.

मला एका गोल फिरणाऱ्या यंत्राने विणलं. घोट्याशी सगळ्यांत घट्ट, पोटरीला जरा कमी, गुडघ्याखाली आणखी कमी. खालून जोर जास्त म्हणजे पायात साचू पाहणारं रक्त वर सरकतं, एवढं साधं गणित. तपासणीच्या बाईने मला लाकडी पायावर चढवलं, तीन ठिकाणी दाब मोजला आणि भावासोबत खोक्यात घातलं. तेव्हा मला वाटलं, झालं, आता आयुष्य सुरळीत जाणार.

मी आलो कात्रीबाईच्या वाट्याला.

कात्रीबाई हे तिचं खरं नाव नव्हे. कापडावर आणि माणसांवर तिची कात्री सारखीच चालते, म्हणून सगळी गल्ली तिला त्याच नावाने ओळखते. खाली शिवणकामाचं दुकान, वर दोन खोल्यांत ती आणि तिचा नवरा. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. कापड बेतायचं तिने, शिवायचं मास्तरांनी, अशी वाटणी पहिल्यापासूनची. दोनेक वर्षांपासून मास्तरांचा उजवा हात थरथरतो. मशीनवर हात टेकलेला असतो, तिथे काम निभतं. पण कात्री धरली की रेघ सुटते. म्हणजे कात्रीबाई टेबलाशी उभी राहिली तरच दुकान उभं. आणि नेमके तिचेच पाय कुरकुरायला लागले होते.

दिवसभर उभं राहून तिच्या पायांवर जांभळ्या शिरांचं बारीक जाळं उठलं होतं, कोळ्याने विणावं तसं. संध्याकाळी पाय भरून यायचे, जळजळायचे. शेवटी मास्तरांनी हट्ट धरला आणि तिला शिरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बारीक सुईने त्या शिरांत औषध सोडलं. शिरा आतून चिकटून बंद होतात आणि हळूहळू पुसट होतात, असा तो उपचार. डाव्या पायाला वीस-बावीस टोचण्या झाल्या, उजव्याला थोड्या कमी. लगेच सिस्टरने हातमोजे घालून आम्हा दोघांना पायांवर चढवलं.

कात्रीबाईने वाकून पहिलं काय केलं असेल? माझ्या काठात बोट घालून पाहिलं. बोट आत जाईना.

"सिस्टर, साइज चुकलाय तुमचा. एक बोटसुद्धा शिरत नाही."

"शिरायलाच नको, काकू."

"माप कुणी घेतलं?"

"मीच घेतलं. सकाळी, पाय सुजायच्या आधी."

"चाळीस वर्षं मापं घेतेय मी!"

"घ्या की, कपड्यांची घ्या," सिस्टर हसत म्हणाली. "आता उठा. या पॅसेजमध्ये दहा मिनिटं चाला बघू."

आता त्या बोटाची गोष्ट सांगायला हवी. कात्रीबाईला काम तिच्या आईने शिकवलं. आईचा एकच कायदा होता: अंगावरच्या कपड्यात एक बोट फिरलं पाहिजे. कॉलर असो, कंबर असो, बाही असो, एका बोटाची सूट. तेवढ्याने माणसाचा श्वास मोकळा राहतो. आजवर त्या दुकानातून एकही कपडा बोट घातल्याशिवाय बाहेर पडलेला नाही. असल्या बाईच्या पायावर मी! माझं नशीबच खोटं.

डॉक्टरांनी सगळं बजावून सांगितलं होतं. रोज दोन वेळा अर्धा अर्धा तास चालायचं. बसल्या जागी पावलं वर-खाली करायची. धावायचं नाही, जड उचलायचं नाही, कढत पाण्याने अंघोळ नाही. एका जागी खिळून उभं राहायचं नाही. मोजे दोन दिवस रात्रंदिवस, पुढे तीन आठवडे दिवसा. यातलं कात्रीबाईच्या कानात किती गेलं कोण जाणे. तिसऱ्या दिवशी ती टेबलाशी हजर.

"अगं, चालायला जायचं ना?" मास्तर म्हणाले.

"सकाळपासून पायांवरच आहे. तो व्यायाम नाही तर काय?"

"उभं राहायला नाही, चालायला सांगितलंय."

"या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, ते काय रांगत जाते?"

टेबल चार पावलांचं. ती दोन तासांत सहा वेळा हलली. मी मोजत होतो.

त्याच दिवशी एक गिऱ्हाईक बाई कोट घेऊन आली. कंबरेत आवळतो म्हणून तिने घरीच उसवून एक पट्टी घातली होती आणि सगळा कोट एका बाजूला लोंबायला लागला होता. कात्रीबाईने तिची अशी हजेरी घेतली की विचारू नका. "आम्ही बेतलेल्या कपड्याला घरी कात्री लावायची नाही! कुठली टीप कशासाठी घातलीय ते बेतणाऱ्यालाच ठाऊक!" मी टेबलाखाली ऐकत होतो. मला बाईंचा आदर वाटला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे चौथ्या दिवशी, मास्तर दोरे आणायला गेले. कात्रीबाईने मला पायातून काढलं, उलटं केलं, टेबलावर पसरलं आणि खडूने घोट्यापासून, म्हणजे मी सगळ्यांत जास्त आवळतो तिथून, वर वीतभर रेघ मारली. मला अजून वाटत होतं, माप बघत असेल. मग ती थंड पात्यांची जोडी माझ्या घोट्याला लागली.

अरे बापरे! मी ओरडलो, पण मोज्याचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? कर्र करून तिने मला चिरलं. ताणणाऱ्या कापडाचा दोन बोटं रुंद तुकडा, रंगसुद्धा जुळणारा, त्या चिरेत बसवला. हाताने बारीक टाके घातले. शेवटी सवयीप्रमाणे तीन टाके मागे घेतले आणि गाठ आत दडवली. काम इतकं देखणं की बाहेरून कळू नये. मला चढवता चढवता घोट्याशी बोट घातलं. बोट सहज फिरलं.

"आता कसं!" ती म्हणाली.

उजव्याचाही नंबर होता. पण मास्तरांची चप्पल पायरीवर वाजली आणि तो वाचला. तिने झाल्या प्रकारातलं चकार अक्षर नवऱ्याला सांगितलं नाही.

आता माझी अवस्था बघा. घोट्याशी मी ढिला पडलो, पण गुडघ्याखाली होतो तसाच घट्ट. खालून ढकलायचं बळ गेलं आणि वरची मिठी राहिली. सगळं उलटं झालं. मी तिच्या पायाचा आधार व्हायचा तो फास झालो. ती उभी राहिली की माझ्याखाली पाय जड होत जायचा, आणि मला स्वतःला सैल करता येत नव्हतं. मला फार भीती वाटत होती. उजवा पलीकडून बघत होता, पण तो तरी काय करणार?

सहाव्या दिवशी पोटरीच्या आतल्या बाजूला एक जागा गरम लागली. सातव्या दिवशी सकाळी ती लाल झाली, दुपारपर्यंत तिथे दोरीसारखा कडक गोळा हाताला लागायला लागला. कात्रीबाई पाय ओढत चालू लागली. विचारलं की "काही नाही, मुरगळलाय."

दुपारी जेवण झाल्यावर तिला जिना चढवेना. मास्तरांनी तिला खालीच खुर्चीवर बसवलं, पाय समोरच्या स्टुलावर घेतला आणि वाटीत तेल कोमट करून आणलं.

"थांब, जोरात चोळून देतो. गोळा फुटून जाईल."

माझ्या धाग्याधाग्याला कापरं भरलं. पोटरीत लाल, गरम, कडक असं काही असेल तर ते गोठलेलं रक्त असू शकतं. ते खोलवरच्या शिरेत असेल आणि चोळताना सुटलं, तर थेट छातीपर्यंत जातं. मग पाय राहतो बाजूला आणि जीव जातो. मी हे जाणत होतो. मास्तर जाणत नव्हते. प्रेमाने तेल लावायला बसलेल्या माणसाला कोण अडवणार?

त्यांनी तेलात बोटं बुडवली. दुसऱ्या हाताने मला खाली ओढायला लागले. मी होता नव्हता तेवढा जोर लावून धरून राहिलो. ओढाओढीत माझा काठ उलटला आणि आतली बाजू वर आली.

मास्तरांचा हात थांबला.

"हे काय?"

कात्रीबाई पाय मागे घ्यायला लागली.

"अगं, ही टीप तुझी आहे." त्यांनी तेलाचं बोट अंगरख्याला पुसलं आणि टाक्यांवरून फिरवलं. "शेवटी तीन टाके मागे. गाठ आत. तू मोजा कापलास?"

"आवळत होता हो. एक बोट सूट दिली फक्त."

"कधी?"

"चौथ्या दिवशी."

मास्तर चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. त्या दिवशीही आवाज चढला नाही. त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली आणि दवाखान्यात फोन लावला. मोजा कापलाय, आता नवा कुठे मिळेल, एवढंच विचारायचं होतं त्यांना. पलीकडून सिस्टरने मोज्याचं सोडून पायाचंच विचारलं. लाल आहे का? गरम आहे? एकच पाय सुजलाय? मास्तर हो हो म्हणत गेले.

"मी आता तेलाने चोळूनच..."

"हात लावू नका!" सिस्टरचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "चोळायचं नाही, शेकायचं नाही. आहात तसे गाडीत बसा आणि ताबडतोब या."

गाडी निघाली. अर्ध्या वाटेवर कात्रीबाई म्हणाली, "माझा पाय गेला तर दुकानाचं काय हो?"

"दुकान गेलं खड्ड्यात," मास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते.

दवाखान्यात मला काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. डॉक्टर तिच्या पायावर थंड मलम लावून सोनोग्राफीचं यंत्र फिरवत होते. मांडीपासून खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. एका जागी दाबून बराच वेळ थांबले. कात्रीबाई छताकडे बघत होती. तिची उजव्या हाताची बोटं कात्री धरल्यासारखी उघडमीट करत होती.

"खोलवरची शीर मोकळी आहे," शेवटी डॉक्टर म्हणाले. "गाठ वरच्या शिरेत आहे. आणखी चार दिवस असंच चाललं असतं, तर मला हे वाक्य बोलता आलं असतं की नाही, सांगता येत नाही."

मास्तरांनी तिची ती बोटं हातात धरली.

औषध मिळालं, आठवड्याने पुन्हा तपासणी ठरली, नवी जोडी मिळाली. रोजचं चालणं बंद नाही, उलट नेमाने चालायचं आणि टेबल दर थोड्या वेळाने सोडायचं, असं डॉक्टरांनी पुन्हा बजावलं. सिस्टरने मला हातात घेऊन उजेडात धरलं.

"शिवलंय मात्र सुरेख हो काकू. आता मला सांगा, तुम्ही बेतलेला कोट कुणी घरी उसवला तर?"

कात्रीबाईने मान खाली घातली. "फाडून खाईन तिला," ती पुटपुटली. मग हळूच म्हणाली, "चुकलं माझं."

तिच्या तोंडून हे शब्द मास्तरांनीही लग्नापासून पहिल्यांदाच ऐकले असावेत. ते खोकले.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. गाठ विरली. शिरांचं जाळं पुसट झालं. पाय बरा आहे. उभ्याचं काम म्हणून डॉक्टरांनी मोजे चालूच ठेवलेत, त्यामुळे उजवा अजून नोकरीवर आहे, नव्या जोडीसोबत आळीपाळीने. मी पायाच्या कामाचा राहिलो नाही, पण कात्रीबाईने मला टाकलं नाही. तिची मोठी कात्री आता माझ्यात ठेवतात. जिने मला चिरलं तिलाच रोज घट्ट धरून बसायचं! पण खरं सांगतो, राग नाही राहिला.

कापड समोर आलं की कात्रीबाईला घड्याळ दिसत नाही, म्हणून तिने स्वतःच एक नेम केला. मशीनची बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, संपली की मास्तरांनी हाक द्यायची. मग कात्री माझ्यात, चपला पायात, कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत चालून परत. आल्यावर टेबलाला धरून टाचा वीस वेळा वर-खाली. मगच पुन्हा कात्री.

माझा मुक्काम मास्तरांच्या खणात, बॉबिनींच्या शेजारी. म्हणून मला एक गोष्ट दिसली. सकाळी कात्रीबाई वर चहा करत असते तेव्हा मास्तर त्या थरथरत्या हाताने दिवसभराच्या बॉबिनी भरून ठेवतात. प्रत्येक बॉबिन अर्धीच भरतात. लवकर संपावी, तिने लवकर उठावं, दोन फेऱ्या जास्त व्हाव्यात म्हणून. आणि तिला वाटतं, हल्ली काम वाढलंय.

निदान मला तरी असंच वाटत होतं. काल तिने कात्रीसाठी खण उघडला. एक बॉबिन उचलली, उजेडात धरली, बोटात फिरवून पाहिली. जिची नजर सुताएवढा फरक पकडते, तिला काय कळायचं राहतं? मग बॉबिन होती तिथेच ठेवली आणि खण हळूच लावला.

थोड्या वेळाने मास्तरांनी हाक दिली, "बॉबिन संपली गं!"

"इतक्यात? काय मेलं काम वाढलंय हल्ली!" ती म्हणाली, आणि चपला घालून निघाली.

तुम्ही कधी शिवायला टाकायला त्या दुकानात गेलात, तर माझी एवढीच विनंती आहे. त्यांना यातलं काही सांगू नका.