भिंगरीची तपासणी

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी अकरा वर्षांची झाली तरी शाळेची पायरी चढली नव्हती, आणि मी अर्धं आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात घालवलेली बाई. भांडायला आम्हाला दुसरा विषय लागत नसे. पोरगी एका जागी टिकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. "अगं, निदान पाढे तरी?" मी विचारायची. "लागतील तेव्हा शिकेल, ताई," एवढं बोलून बहीण पुन्हा खुर्चीला खिळे ठोकू लागायची.

बहीण आणि तिचा नवरा जुन्या सोफा-खुर्च्यांना नवं कापड चढवून देतात. पुढच्या खोलीत दुकान, मागं घर आणि मधल्या दारात कायम एखादा सोफा पोटातल्या स्प्रिंगा दाखवत आडवा पडलेला. भिंगरी तिथंच वाढली. वाचायला शिकली तीसुद्धा नवव्या वर्षी. एका खुर्चीच्या आत कोंबलेली जुनी वर्तमानपत्रं निघाली आणि ती वाचून दाखवायला कुणाला सवड नव्हती, म्हणून. तोवर मी काळजीनं अर्धी झाले होते. नंतर मात्र तिनं औषधाच्या बाटल्यांपासून गिऱ्हाइकांच्या पावत्यांपर्यंत काही वाचायचं सोडलं नाही.

त्या घराची एक रीत होती. विचारल्याशिवाय कुणी कुणाला शिकवायचं नाही. आणि कुणी मोठ्यानं "माहीत नाही!" म्हटलं, की सगळ्यांनी हातातलं काम ठेवून शोधायला लागायचं, मग समोर गिऱ्हाईक का उभं असेना. माझ्या वर्गात हे दोन शब्द मुलं मान खाली घालून पुटपुटतात. भिंगरी ते बक्षीस लागल्यासारखी ओरडायची. माझ्यासारख्या बोलक्या बाईला त्या घरात जिभेला कुलूप लावून बसावं लागायचं, ते वेगळंच.

मग शिक्षण खात्यातून निरोप आला. एक अधिकारी बाई घरी येऊन मुलीला तपासणार. त्यांचं समाधान झालं तर पोर घरीच शिकेल, नाही तर सोमवारपासून शाळेत. बहिणीला स्वतःच्या लहानपणी वर्गात ताप भरायचा. त्या चार भिंतींत आपलं पोर जाणार या विचारानंच तिचं जेवण सुटलं. मी धीर द्यायला गेले, पण खरं सांगायचं तर मलाही घाम फुटला होता.

अधिकारी बाई आल्या, नुकत्याच दुरुस्त केलेल्या खुर्चीत बसल्या आणि थेट विचारलं, "गोल टेबलाच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ कसं काढशील?"

"माहीत नाही!" भिंगरी आनंदानं ओरडली.

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या दोघा शहाण्यांनी नेहमीसारखंच केलं. तिच्या बापानं शिलाई मशीन थांबवलं, बहिणीनं टेबल मोकळं करून कात्री पुढं सरकवली. तपासणी चाललीय हे सगळे साफ विसरले. मी कपाळाला हात लावला.

भिंगरीनं चिंधीतून एक गोल कापला. थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्या मधोमधून कडेपर्यंत बारीक पाचरी कापल्या आणि एक सुलटी, एक उलटी अशा शेजारी शेजारी लावत गेली. कापड वाया जाऊ नये म्हणून तिची आई निमुळते तुकडे असेच मांडून कापते.

"आयत झाला!" ती म्हणाली. "म्हणजे जवळजवळ. वरची बाजू जराशी खालीवर आहे, पण आणखी बारीक कापलं तर सरळ होईल. याची उंची म्हणजे मधल्या टोकापासून कडेपर्यंत. आणि लांबी म्हणजे गोलाचा अर्धा घेर, कारण उरलेला अर्धा खालच्या बाजूला गेला. आता घेर किती ते कळलं की झालं. दोरीनं मोजू?"

मी हे सूत्र वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. ते असं एखाद्याच्या हातून जन्मताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला रडू आलं. अधिकारी बाई तर खुर्ची सोडून टेबलावर वाकल्या होत्या. बहिणीच्या नवऱ्याबरोबर दोरीचं एक टोक त्यांनीही धरलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "राहू दे घरीच. माझी काही हरकत नाही." आमचा जीव भांड्यात पडला. बहीण टेबलावरच्या चिंध्या गोळा करायला लागली.

जाता जाता बाईंनी सहज विचारलं, "का गं, तुला कधी वाटत नाही शाळेत यावंसं?"

"वाटतं की," भिंगरी म्हणाली.

मशीनपाशी गेलेला तिचा बाप जागच्या जागी थांबला. बहिणीनं वर पाहिलं. "कधी बोलली नाहीस ती?"

"तुम्ही कधी विचारलंच नाही." तिच्या बोलण्यात जराही तक्रार नव्हती. "मला माझ्याएवढी खूप मुलं एकत्र बघायचीयत. त्यांना काय काय प्रश्न पडतात ते ऐकायचंय. इथं सारखे माझेच."

बहिणीचा चेहरा उतरला. एवढ्या सायासानं मिळवलेलं पोरीनं एका वाक्यात परत केलं होतं. 'नाही' म्हणायला बहिणीला कुणाची बंदी नव्हती. परवानगी तर आत्ताच हातात पडली होती. मी तिच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं.

"जा मग," ती म्हणाली. "मावशीच्या शाळेत जा. नाही पटलं तर परत ये."

भिंगरी उड्या मारत मागच्या खोलीत पळाली. आयुष्यभर बहिणीला हट्टी म्हणत आले मी, पण त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं. ती मला सोडायला दारापर्यंत आली आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, "ताई, तिथं विचारू देतील ना गं तिला?"

माझा वर्ग डोळ्यांपुढं आला. साऱ्या शाळेत सगळ्यात शांत वर्ग, ज्याचं मुख्याध्यापक सगळ्यांना कौतुक सांगतात. मी "हो" म्हटलं. मग घरी जाताना रस्ताभर मनातल्या मनात आधी मुख्याध्यापकांशी भांडत राहिले आणि नंतर स्वतःशी.