ऐंशी मिनिटांची सीडी

सीडीवर किती मावतं हे सांगून सांगून माझ्या जिभेला फोड यायचे बाकी होते. पिपरी मेघेत माझं सीडी रायटिंगचं दुकान. गिऱ्हाईक येणार, सीडीवर छापलेल्या सातशे एमबीवर बोट ठेवणार आणि म्हणणार, "कोकिळाताई, थोडं दाबून बसवा ना." जसं काही मी पोत्यात कापूस भरायला बसले आहे!

२००६ साली नत्थूजी आणि भागीरथाबाई दुकानात आले, त्या दिवशीही मी अशीच कावलेली होते. नत्थूजी जिल्हा परिषदेत कारकून, आमच्याच गल्लीतले. त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क काढली. घरचा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि या डब्यात त्यांच्या मुलीचा, भावनाचा आवाज होता.

भावना एकुलती एक. डी.एड. करत होती. परीक्षेची उत्तरं माईकवर स्वतःच वाचून ठेवायची आणि भाकरी थापताना ऐकायची. आदल्या वर्षी ती बसलेल्या ऑटोला ट्रकनं उडवलं. आता वर्ष भरत आलं होतं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आठवड्यावर होता आणि आईला तिचा आवाज घरात हवा होता.

"तिच्याच प्लेयरवर वाजला पाह्यजे," नत्थूजी म्हणाले. "तिनं ट्युशनच्या पैशातून घेतलता."

आवाज निघाला शहाण्णव मिनिटांचा. एमपीथ्री केला असता तर नव्वदेक एमबी, सीडीच्या एका कोपऱ्यात बसला असता. पण प्लेयर जुना, त्याला एमपीथ्री कळत नव्हतं. त्याला साधी ऑडिओ सीडीच हवी, आणि तिच्यात एमबी नाही, मिनिटं मोजायची. ऐंशी मिनिटं झाली की सीडी भरली, मग कोणी कितीही दाबा.

"दोन सीड्या करून देते," मी सांगितलं.

"नाई," भागीरथाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "दवाखान्यात चिरली ना तिले एकदा. आता आणखी दोन तुकडे नोका करू वो बाई."

माझा सगळा ताव उतरला. मी म्हटलं, बसवते एकीत.

दोघांना शेजारी बसवूनच मी कापाकापी सुरू केली. पानं उलटल्याचे आवाज, कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्यांचा टीव्ही, लांबलचक थांबे, सगळं उडवलं. तरी पाचेक मिनिटं जास्तच होती. आता उरलं होतं भावनाचं वाचन, आणि मध्येमध्ये आईच्या हाका.

"भावने, मशीनसंग काय बोलून राह्यली? भांडे कोन घासन?"

"पानी गेलं नळाचं! आयकू येते का?"

"एवढं वाचून कलेक्टर होनार हायेस काय?"

प्रत्येक हाकेला भावनाचं उत्तर ठरलेलं. न चिडता म्हणायची, "हो वो आई, एवढं झालं की येतो." आणि पुन्हा वाचायला लागायची.

भागीरथाबाईंनी पदर तोंडावर घेतला. "माहा आवाज काढून टाका," त्या म्हणाल्या.

"अवं, तू हाक मारली म्हनून तं ते बोलली," नत्थूजी कळवळले. "नाईतं सारं पुस्तकातलंच हाये. राहू दे ना."

"दिवसभर हाका मारल्या मी. जेव म्हनून एक डाव तरी मारली काय? मी नोको तिथं. तिलेच राहू द्या."

मी त्यांच्या हाका काढल्या, भावनाची उत्तरं ठेवली. सीडी भरली ती अगदी काठोकाठ. काढलेल्या हाका मात्र माझ्यानं टाकवेनात. त्या मी दुसऱ्या सीडीवर लिहून ठेवल्या. आई आहे, आज नको म्हणते, उद्या मागेल.

कार्यक्रमाला जाताना ती सीडी पर्समध्ये घेतली. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, लोक खीर खाऊन पांगले. मग भागीरथाबाईंनी प्लेयर लावला आणि त्या चुलीजवळ ताट वाढायला बसल्या. भावना मूलभूत हक्क वाचत होती, एकामागून एक. मी हाकांची जागा जराही सोडली नव्हती, वाचनाला उत्तर चिकटलेलं होतं. भागीरथाबाई त्या वाचनावरच बोलल्या.

"भावना, जेवून घे वो माय."

"हो वो आई, एवढं झालं की येतो," प्लेयरमधून आवाज आला.

मी नत्थूजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

"पाठ झाली तिले सारी सीडी," ते हळूच म्हणाले. "भावना कुठं बोलते ते तिले बराबर माहीत हाये."

प्लेयरमधलं भावनाचं पुढचं उत्तर जवळ आलं तशी भागीरथाबाईंनी पुन्हा हाक मारली. "थकली असशीन बाई. नीज थोडी."

"हो वो आई, एवढं झालं की येतो."

भांड्यांच्या आणि नळाच्या पाण्याच्या हाकांची ती दुसरी सीडी मी पर्समधून काढलीच नाही. आयुष्यभर रागावलेली ही बाई आता कुठे लेकीशी गोड बोलत होती, तिला जुना आवाज कशाला ऐकवू? मला रडू आवरेना, म्हणून मी जायला उठले.

तेवढ्यात सीडी संपली. भागीरथाबाईंनी वाढलेल्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"येतो येतो म्हनते," त्या म्हणाल्या. "येत नाई."