दगडाचं पीठ

पंडित मेश्राम सरांनी कामठीच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी हिमनदीचा धडा यायचा आणि दर वर्षी सर फळ्यावर तिचं सुरेख चित्र काढायचे. पाहिली मात्र एकदाही नव्हती. कामठीत बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात ठेवलेली लादी, तीही उन्हाळ्यात. म्हणून अमेरिकेत शॉमबर्गला राहणाऱ्या मुलीनं, रोशनीनं, तिकिटं पाठवली तेव्हा सरांनी नायगाराबियगारा बाजूला सारून एकच मागणी केली. हिमनदी दाखव. ते शहाण्णव साल होतं. सर सदुसष्ट वर्षांचे होते आणि त्यांचा डावा गुडघा त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा होता.

कमलाबाई, म्हणजे सरांची बायको, अर्थातच सोबत होत्या. हिमनदीशी त्यांचं जुनं भांडण होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सर कंदिलाशी बसून वहीत ते चित्र काढत होते आणि कमलाबाईंनी हौसेनं विचारलं होतं, "हे काय जी?" सर मान वर न करता म्हणाले, "तुला काय करायचं आहे त्याचं?" रागानं नाही म्हणाले, चहा नको म्हणावं तसं म्हणाले. त्यानंतर सरांनी रात्रशाळा काढली, अख्खी वस्ती शिकवली, रिक्षावाल्याच्या पोराला इंजिनियर केलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. कमलाबाई चौथी पास होत्या, तिथेच राहिल्या. पुन्हा त्यांनी काही विचारलं नाही, पण ते वाक्य विसरल्याही नाहीत.

तर आता मोंटाना राज्यातल्या त्या डोंगरावर चौघं चढत होती. पुढे जावई प्रफुल्ल, मग सर, मग रोशनी, आणि शेवटी कमलाबाई, लेकीचे बूट घातलेल्या, पदर खोचलेल्या. अस्वलाला आपली चाहूल लागावी म्हणून रोशनीनं सगळ्यांच्या बॅगांना घंटा बांधल्या होत्या. आपण पोळ्याच्या बैलासारखे वाजतो आहोत हे कमलाबाईंनी दोनदा बोलून दाखवलं. चार मैलांची चढण होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि एके ठिकाणी तर धबधब्याचं पाणी सरळ वाटेवरच्या दगडी पायऱ्यांवर पडत होतं. तिथून सर कड्याला हात लावत, भिजत, एकेक पायरी चढले. वर आल्यावर पन्नास पावलं चालले आणि एका दगडावर बसले ते बसलेच.

"काहून बसले?" कमलाबाईंनी विचारलं.

"गुडघा वाकत नाही."

रोशनीनं हात लावून पाहिलं. गुडघा सुजून टम्म झाला होता. "बाबा, इट्स ओके. आपण परत जाऊ. हळूहळू ड्राइव्ह करत येलोस्टोन बघू," ती म्हणाली.

गुरुवारी परतीचं विमान होतं, आणि पुन्हा येणं काही होणार नव्हतं. ते सरांनाही कळत होतं आणि बाकी तिघांनाही. वर अजून एक मैल होता. सरांनी खिशातून वही काढली. सकाळीच मोटेलच्या टेबलाशी बसून त्यांनी त्यात पान आखलं होतं. वर लिहिलं होतं, 'हिमनदी : प्रत्यक्ष पाहणी', आणि खाली, 'निरीक्षक : पं. ग. मेश्राम'. बाकीचं पान कोरं होतं. ते त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिले आणि त्यांची हनुवटी थरथरली. चाळीस वर्षांच्या संसारात कमलाबाईंनी हे एकदाच पाहिलं होतं, सरांची आई गेली तेव्हा.

"मी जाऊन येतो," त्या म्हणाल्या. "जावईबापू, चाला."

"आई, वरची चढण फार स्टीप आहे," प्रफुल्ल म्हणाला.

"गोवऱ्यांची पाटी घेऊन मी यापेक्षा वाईट चढलेली आहे. तुम्ही चाला."

सरांनी मान वर केली. "तू? तू काय बघशील?" असं त्यांच्या तोंडावर आलं होतं, हे कमलाबाईंना स्पष्ट दिसलं. पण ते म्हणाले, "बरं. नीट बघ."

ती चढण खरंच नीच होती. कमलाबाई दर वीस पावलांवर थांबल्या, प्रफुल्लला दोन शिव्या आणि डोंगराला चार शिव्या देऊन पुन्हा चढल्या. शेवटचा दगडांचा ढीग ओलांडला आणि समोर सगळं उघडं झालं. खाली तळं, त्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे, आणि तळ्यापलीकडे कड्याला चिकटून ती पडलेली.

"हेच?" त्या म्हणाल्या. सरांच्या चित्रात ती पांढरीशुभ्र असायची. ही कडेनं मळकी, करडी होती, अंगात दगडगोटे रुतलेले. कमलाबाई तळ्यापाशी उतरल्या. पाणी दुधाळ होतं. त्यांनी बोटं बुडवली, काठचा गाळ चिमटीत धरून चोळला, आणि थबकल्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या पहाटांपासून ती बोटं हे ओळखत होती.

"जावईबापू, पुऱ्या संपवा. मले डबा रिकामा पाहिजे."

प्रफुल्लला तिखट पुऱ्या चावता चावता अंदाज आला. "आई, नॅशनल पार्कमधून काही नेणं अलाऊड नाही."

"वितळूनच जाईल ते. अन् उरलं तं इथंच सांडू," कमलाबाई म्हणाल्या, आणि काठाला लागलेला एक मळका तुकडा दगडानं फोडून त्यांनी स्टीलच्या डब्यात भरला.

उतरायला सव्वा तास लागला. सर त्याच दगडावर होते. कमलाबाईंनी डबा त्यांच्या मांडीवर ठेवून झाकण काढलं. बर्फ मुठीएवढा उरला होता, भोवती गार पाणी, आणि तळाशी करडा थर. सरांनी आधी बर्फाला हात लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं. वही उघडली, पेन काढलं. "सांग ना."

कमलाबाई त्यांच्यासमोर बसल्या. हे वाक्य त्यांच्या जिभेवर चाळीस वर्षं तयार होतं.

"तुम्हाले काय करायचं आहे त्याचं?"

रोशनी हसली. सर हसले नाहीत. पेन हातातच राहिलं. कंदील, वही, नवी नवरी, सगळं त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा पार उतरला.

"चुकलं माझं, कमला," ते म्हणाले. मुलीसमोर, जावयासमोर म्हणाले. "फार चुकलं. आता सांग."

कमलाबाईंना वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. तसं काहीच वाटलं नाही. त्यांनी सरांचा हात धरून त्यांची बोटं डब्याच्या तळाला टेकवली.

"चोळून पाहा. पीठ आहे ना? दगडाचं. तुम्ही नदी नदी म्हणता, नदी कुठली, जातं आहे ते. वरून वजन, मधात दगड, हळूहळू सरकते अन् दळत राहते. तळ्याचं पाणी पण तसंच, पिठाचा हात धुतल्यावानी."

सर बोटं चोळत राहिले. एकतीस वर्षं त्यांनी फळ्यावर 'घर्षण', 'झीज' असं लिहिलं होतं आणि पोरांनी ते पाठ करून परीक्षेत ओकलं होतं. एकालाही समजलं नव्हतं, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं.

"जातं," ते म्हणाले. "हे मला एकदाही कसं सुचलं नाही?"

"दळण कोण करत होतं?" कमलाबाई म्हणाल्या.

सरांनी पान समोर घेतलं. 'पं. ग. मेश्राम' वर सरळ रेघ मारली, वर लिहिलं, 'कमला मेश्राम', आणि वही त्यांच्यापुढे धरली.

"इथे सही कर," ते म्हणाले, "आणि पहिल्यापासून सांग. सावकाश. मी लिहून घेतो."